रिकाम्या मागांची पाहणी

देवाने माणसाला दोन डोळे दिले, त्यांतला एक आपल्या कामाकडे पाहायला आणि दुसरा शेजाऱ्याच्या कामाकडे, हे सर्वांना मान्य आहे. दोन्ही डोळे शेजाऱ्याकडे लावले तर दृष्टी अधिक तीक्ष्ण होते, हा शोध मात्र कलावंतांनी लावला.

मुलांनो, माझ्याबरोबर थोडी कल्पना करा. साल अठराशे चौसष्ट. तुम्ही अकोल्यात, मोर्णेच्या काठी, कोष्टीपुऱ्यात उभे आहात. आगगाडी अजून आलेली नाही. विणकरांची एकतीस घरं आहेत. प्रत्येक घरात जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकर, त्याच्यापुढे माग. सकाळपासून खटक-खटक चालू आहे. येतंय ऐकू? आता तो आवाज बंद करा. (एकदम नको. त्या साली तोही एकेका घरातून, हळूहळूच बंद झाला.)

बंद होण्याचं कारण फार दूरचं होतं. अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि विलायतेला एकाएकी वऱ्हाडाची आठवण आली. काळ्या मातीत पिकलेलं प्रत्येक बोंड गाडीत भरून मुंबईच्या वाटेला लागलं. बैलांच्या गळ्यात नव्या घुंगुरमाळा आल्या. आणि कापसाच्या ऐन मुलखात कोष्ट्याला सूत मिळेना.

आता कुणाला वाटेल की विणणंच थांबलं, तेव्हा विणकरांनी एकमेकांशी केलेली तुलनाही थांबली असेल. असं ज्याला वाटतं त्याने आयुष्यात काही विणलेलं नाही.

कोष्टीपुऱ्यात जुनी रीत होती. दर अमावास्येला माग बंद ठेवायचे आणि घरोघर जाऊन मागावरचं कापड पाहायचं. हिला पाहणी म्हणत. पाहणाऱ्याने कापडाला डावा हात लावावा, काठ डोळ्यांजवळ न्यावा, मग पोत उजेडाकडे धरावा, आणि पाणी पिण्याआधी फक्त एवढंच बोलावं: “बरं हाय.” याहून जास्त बोलायला बंदी होती. ‘सुंदर’ हा शब्द गिऱ्हाइकाने वापरायचा. विणकराने विणकराला तो वापरला तर भांडण होई.

परंतु हे ‘बरं हाय’ अकरा प्रकारचं होतं. मान हलवून म्हटलेलं म्हणजे कापड बरं आहे. मान न हलवता म्हटलेलं म्हणजे कापड फार चांगलं आहे आणि पाहणाऱ्याच्या पोटात दुखत आहे. छताकडे पाहून म्हटलेलं म्हणजे असाच काठ मी तीन वर्षांपूर्वी काढला होता. खोकल्यानंतर म्हटलेलं म्हणजे हे तुझ्या बापाने विणलं असावं. सातवा प्रकार बायकामुलांसमोर सांगण्यासारखा नाही. उरलेले वयाप्रमाणे आपोआप कळतात.

मग ती पहिली अमावास्या आली, जिच्या दिवशी एकाही मागावर कापड नव्हतं. पंचांचे मुख्य होते उद्धवजी, सत्तर वर्षांचे, ज्यांच्या डोळ्यांना आता दोरा दिसत नसे पण दुसऱ्याच्या कापडातली चूक दिसे. पाहणी रद्द करावी का, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. त्यांनी निकाल दिला की पाहणी मागाची असते. मागावर काय आहे हा त्या घराचा खाजगी प्रश्न. त्याप्रमाणे मंडळी पहिल्या घरी गेली. रिकाम्या मागापुढे बराच वेळ उभी राहिली. शेवटी उद्धवजींनी सवयीने डावा हात पुढे केला, जे नव्हतं ते उजेडाकडे धरलं, आणि मान न हलवता म्हणाले, “बरं हाय.”

त्या दिवसापासून विणकाम परमपदाला पोचलं. विचार करा, मुलांनो. विणलेल्या कापडात कुठे ना कुठे दोरा तुटतो, काठ वाकतो, खळ कमी पडते. न विणलेल्या कापडात असं काहीच होत नाही. जो विणकर काल सामान्य धोतरं विणायचा, तो आज एवढं उत्तम पातळ विणत नव्हता की शेजाऱ्यांची झोप उडावी. त्या सालचे आकडे असे: माग एकतीस, चालू माग शून्य, कोष्टीपुऱ्यातलं कापड शून्य, तुलना रोज चौदा (सणाच्या दिवशी वीस), बोलाचाल बंद असलेली घरं, आधी सहा, आता सव्वीस.

या सगळ्यांत पहिला नंबर नत्थुजीचा. नत्थुजीचा माग सर्वांत रिकामा आहे, हे त्याचे वैरीही मानत. हा नंबर त्याने मिळवला होता कष्टाने. सूत संपल्यावर त्याने घरातली जुनी लुगडी उकलली, त्या दोऱ्यांतून चार बोटांचा काठ विणला, तो मनासारखा झाला नाही म्हणून उकलला, पुन्हा विणला, पुन्हा उकलला. अकराव्या वेळी दोऱ्याची नुसती लव राहिली आणि ती वाऱ्याने गेली. तेव्हापासून तो माग पाहायला माणसं येत.

नत्थुजीच्या बायकोचं, पार्बताबाईचं, म्हणणं वेगळं होतं. तिचे दिवस भरत आले होते. पौष लागणार होता. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात बाळ गुंडाळतात हे तुम्हाला ठाऊक आहे. ती लुगडी वाऱ्याने गेली होती. एक अंगावरचं, एक दांडीवरचं, एवढंच उरलं होतं.

“बाळाले गुंडाळाले हातभर कापड तं पायजे नं,” ती म्हणाली. “कुठून दोन मूठ कापूस आणा. मी कातते, तुमी विणा.”

“मागाले हात लावू नोको,” नत्थुजी म्हणाला. “आता नाव झालं त्याचं.”

हे संभाषण चालू असताना त्यांची मुलगी माणिक, वय वर्षं दहा, उंबऱ्यावर बसून ऐकत होती. हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

नत्थुजीला घोर होता तो दुसराच. एक कासार बांगड्या विकत अमरावतीहून आला आणि सांगून गेला की तिथे खुशालराव नावाच्या विणकराचा माग इतका रिकामा आहे की तिवशाची आणि अचलपूरची माणसं गाडी करून पाहायला येतात. नत्थुजीचं जेवण कमी झालं. पहिला नंबर असणं आणि अमरावती अस्तित्वात असणं, या दोन गोष्टी एका पोटात राहत नाहीत. पंधरा दिवसांत तो दोन पंचांना घेऊन बैलगाडीने निघाला. मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती. तीन दिवसांची वाट. समोरून रात्रंदिवस कापसाच्या गाड्या येत होत्या. त्यांना वाट देता देता बैल थकले आणि तिनाचे पाच दिवस झाले. नत्थुजीच्या बाहीला कापूस चिकटला, तो त्याने झटकून टाकला. त्याच्या डोक्यात विणकामाचे विचार होते.

खुशालरावाने त्याला पाणी दिलं, पाट दिला, आणि माग दाखवला. काय दाखवलं म्हणता? मागाला तेल लावलं होतं. खड्ड्याच्या काठाला रांगोळी होती. आडवा दोरा नेणारा धोटा डाव्या बाजूला असा ठेवला होता की जणू आत्ता उजवीकडे जाईल. पण जाणार नव्हता. नत्थुजी बघत राहिला. परतीच्या वाटेवर, मूर्तिजापूरपाशी, त्याने बोटांनी हवेत रुंदी मोजली.

“त्याच्या न विणलेल्या पातळाचा काठ,” तो सोबतच्या पंचाला म्हणाला, “आपल्याहून दोन बोटं रुंद हाय जी.”

पंचाने मान हलवली नाही, यावरून तुम्ही काय ते समजा.

इकडे अकोल्यात पार्बताबाई बाळंत झाली. मुलगा. सुईण तानुबाई हिने बाळाला न्हाऊ घातलं आणि फडकं मागायला हात पुढे केला. हात तसाच राहिला. शेवटी तिने स्वतःच्या पदरात बाळ घेतलं आणि ती एवढंच म्हणाली की एकतीस मागांच्या वस्तीत उघडं लेकरू मी पहिल्यांदाच पाहून राहिली. तिला कलेतलं कळत नसे.

माणिक त्याच दुपारी गाड्यांच्या रस्त्यावर गेली. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळी होत्या, आणि लादलेल्या गाड्या त्यांना घासून जात. प्रत्येक काट्याला कापसाचा एकेक पुंजका लागलेला होता. ती तीन दिवस काटे वेचत होती. बोटं सोलली. पार्बताबाईने खाटेवर बसून चरखा चालवला. सूत जाडंभरडं निघालं, कुठे सुतळीएवढं, कुठे केसाएवढं. मग माणिक वडिलांच्या मागाच्या खड्ड्यात उतरली. पाय पुरत नव्हते, म्हणून तळाशी उखळ उपडं ठेवलं. दोरा तुटला की ती गाठ मारी, आणि गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी होई. सहाव्या दिवशी दीड हात लांबीचं एक कापड तयार झालं. बाळ त्यात गुंडाळलं आणि रडायचं थांबलं.

दहाव्या दिवशी नत्थुजी आला. आधी त्याने माग पाहिला. (बाळ नंतर. कलावंताच्या कामाला क्रम असतो.) मागाच्या रिकामेपणावर दोऱ्यांची टोकं लोंबत होती, खाली कापसाची लव पडली होती. अमरावतीपुढे दोन बोटं मागे पडलेला माणूस आता अकोल्यातही पहिला राहिला नव्हता.

पंच बसले. बसले उद्धवजींच्या ओट्यावर, कारण पुऱ्यात थंडीचं ऊन फक्त तिथेच येई. आरोप असा होता की माणिक नत्थुजी हिने परवानगीवाचून एका नावाजलेल्या मागावर कापड विणलं. पुरावा हजर करायला सांगितलं. पुराव्यात बाळ होतं, त्यामुळे बाळासकट हजर केला, आणि बाळामागून पार्बताबाई नि तानुबाईही आल्या.

उद्धवजींनी डावा हात लावला. काठ डोळ्यांजवळ नेला. काठ एका बाजूने दोन बोटं आत गेलेला होता. गाठी सतरा निघाल्या. मग त्यांनी कापड, बाळासकट, उजेडाकडे धरलं, आणि पंचांचं मत घेतलं. मत मिळेना. कारण ते त्या सालचं कोष्टीपुऱ्यातलं सर्वांत चांगलं कापड होतं आणि सर्वांत वाईटही. दुसरं कापडच नव्हतं. तुलनेवाचून मत देणं हे नियमांत बसत नव्हतं. तासभर खल झाला. एका पंचाचं म्हणणं पडलं की खुशालरावाला बोलवावं. दुसरा म्हणाला की पोरीला आणखी एक, याहून वाईट, विणायला सांगावं, म्हणजे सोय होईल.

नत्थुजी इतका वेळ खाली पाहत बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर बाळाचे पाय आले. फडक्याबाहेर होते, निळसर पडलेले.

“पाय उघडे रायले,” तो म्हणाला.

“सूत सरलं, बा,” माणिक म्हणाली.

नत्थुजीने पायांवर हात ठेवून अंतर मोजलं. चार बोटं. अमरावतीशी पडलेल्या फरकाहून दोन बोटं जास्त. त्याच वेळी बाळाने, जे अजून कुणाच्याही पंगतीत नव्हतं, ते फडकं आणि उद्धवजींची मांडी एकदमच ओली केली. तानुबाईने फडकं सोडून घेतलं आणि उघडं बाळ पार्बताबाईच्या कुशीत दिलं. वारा मोर्णेकडून येत होता. दुसरं फडकं आणा, ती म्हणाली. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उद्धवजींनी सर्वांच्या वतीने खेदाने सांगितलं की कोष्टीपुऱ्यात कापड नाही.

आता मुलांनो, खरं सांगा. मी मघाशी आकडे दिले, कोष्टीपुऱ्यातलं कापड शून्य, तेव्हा तुम्ही ते मान्य केलंत ना? पंचांची थट्टा करत तुम्ही इथवर आलात आणि शून्य त्यांच्याबरोबर मोजलंत. ओट्यावर पाच पंच आणि नत्थुजी, अशी सहा माणसं बसली होती. सहाही जणांच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने विणलेलं, वीस-वीस हातांचं, मऊ, धुवट पागोटं होतं. ते काढायचं नसतं, कारण चारचौघांत डोकं उघडं करतात ते घरात कुणी मेल्यावर. जन्मल्यावर करावं की नाही, याबद्दल नियम नव्हता.

माणिकने वडिलांच्या समोर जाऊन त्यांच्या डोक्याकडे पाहिलं.

“बा, मान वाकवा,” ती म्हणाली, आणि पागोट्याचं टोक सोडवायला लागली.