क्वांग देशेंगची पारख

शेतावरून परत आलेल्या क्वांग देशेंगला दाराच्या कडीला अडकवलेली बांबूची टोपली दिसली. टोपलीवर लाल कागद चिकटवलेला होता आणि आत कापसाच्या बोळ्यासारखं एक पांढरंशुभ्र पाखरू अंग फुलवून बसलं होतं.

"ग्वेइशियांग!" त्यानं बायकोला हाक मारली. "शियुन बाळंत झाली गं! जावई येऊन गेला!"

ग्वेइशियांग हातातलं खुरपं टाकून धावत आली. डोळे पुसत तिनं विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?"

ताइहे भागात हे तोंडानं सांगत नाहीत. जावई सासरी पाखरू घेऊन येतो. कोंबडा असेल तर मुलगा, कोंबडी असेल तर मुलगी. तिसऱ्या दिवशी आजी-आजोबा त्याच पाखराला जोडीदार आणून जोडी परत करतात आणि नातवंडाचं तोंड बघतात. रीत सोपी आहे. फक्त जावयानं पाखरू आणलं होतं रेशमी जातीचं. काळ्या कातडीची, पायांवरसुद्धा पिसांचा झुबका असलेली ही जात वयात येईपर्यंत आपण नर की मादी याचा कुणाला पत्ता लागू देत नाही. अर्थात, हे इतरांसाठी. देशेंग रेशमी कोंबड्यांच्या खुराड्यातच म्हातारा झाला होता. अंड्यातून निघालेलं पिल्लू तळहातावर घेऊन तो एका नजरेत निकाल द्यायचा, आणि बाजारात त्याच्या शब्दावर डोळे मिटून सौदे व्हायचे.

त्यानं पाखरू उचललं, मान बघितली, तुरा चाचपला.

"कोंबडा! नातू झाला!"

"नक्की ना? जोडी चुकली तर विहीणबाई जन्मभर ऐकवतील. लग्नातल्या रजईचा एक उसवलेला टाका त्या अजून विसरल्या नाहीत."

"मला विचारतेस? मला?"

तिन्हीसांजेच्या आत नदीकाठच्या घराघरात लाल रंगवलेली अंडी पोचली. नावाडी लुओला तर देशेंगनं दोन दिली. त्यानंच जावयाला पैलतीरी सोडलं होतं.

"तू त्याला विचारलं नाहीस?" ग्वेइशियांग म्हणाली.

"काय विचारायचं वहिनी? पाखरू हातात होतं की त्याच्या. आणि हसत तर इतका होता, की त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाखरू गायब. शोधाशोध झाली तेव्हा ते लेकीसाठी बाजूला ठेवलेल्या अंड्यांच्या टोपलीत सापडलं. अंग पसरून, डोळे अर्धे मिटून बसलेलं. ग्वेइशियांगनं हात घातला तसं त्यानं फुगून तिच्या मनगटाला टोच मारली.

"अहो, तुमचा कोंबडा खुडूक बसलाय!"

देशेंग आला. "या जातीचे कोंबडेसुद्धा कधी कधी अंड्यांवर बसतात," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. थोड्या वेळानं स्वतःच लुओकडे गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "नात झाली."

"काल नातू होता ना, दादा?"

"काल उजेड कमी होता."

दुपारी तेच पाखरू अंड्यांवर उभं राहिलं, मान ताणली आणि घोगऱ्या आवाजात आरवलं. तो आवाज लुओच्या नावेपर्यंत गेला. "देशेंगदादा," तिकडून हाक आली, "आता उजेड किती आहे?"

देशेंगनं दार लावून घेतलं. कधी कधी एखादी कोंबडीही आरवते, हे त्याला माहीत होतं, पण हे गावाला सांगायची हिंमत आता त्याच्यात नव्हती. रात्री तो जेवलाच नाही.

"एवढं काय मनाला लावून घेता?" ग्वेइशियांग म्हणाली. "पोरगी सुखरूप आहे ना, ते महत्त्वाचं. आपण कोंबडाही नेऊ, कोंबडीही नेऊ. आधी बाळ बघू, मग जोडी लावू."

पण तिसऱ्या दिवशी पैलतीरी विहीणबाई दारातच उभ्या होत्या; लुओकडून सगळं आधीच त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि एक, दोन, तीन डोकी मोजली.

"जोडी ऐकली होती बाई. हे त्रिकूट कशाचं?"

ग्वेइशियांगचा चेहरा पडला. तेवढ्यात जावई बाओलिन बाहेर आला. "बाबा, नात झाली! तलंग कोंबडी पाठवली होती ना मी? बाजारात चारचारदा विचारून घेतली. विकणारा म्हणाला, पिल्लू होती तेव्हा क्वांग देशेंगनं स्वतः मादी म्हणून निवडून दिली आहे, आता आणखी कुणाला विचारणार?"

देशेंगनं पाखरू उचललं. पायाची पिसं फुंकर मारून बाजूला केली. बोटांमधल्या कातडीत त्याच्याच हातची खूण होती. निवडलेल्या प्रत्येक पिल्लाला तो ती करायचा.

विहीणबाईही वाकल्या. "म्हणजे ही कोंबडी असेल तर व्याही परवा चुकले. आणि कोंबडा असेल, तर पूर्वीच चुकले होते."

लेकीनं आतून बाळ त्याच्या हातात दिलं. लाल, सुरकुतलेलं तोंड, मिटलेल्या मुठी. बाळानं जांभई दिली, आणि देशेंगला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पारख, बाजार, सगळं तो विसरला. "कशी आहे बघ, अगदी..." त्यानं सुरुवात केली.

"तुम्ही काही सांगू नका," ग्वेइशियांग म्हणाली. "ज्यांनी बघितलंय त्यांनी सांगून झालंय."

विहीणबाईंनी नवा कोंबडा आणि कोंबडी जोडी म्हणून ठेवून घेतली आणि ते पाखरू टोपलीतून परत दिलं. परतताना लुओनं वल्हं मारता मारता विचारलं, "मग? काय झालं शेवटी?"

"नात," देशेंग हसत म्हणाला.

"आणि ते पाखरू?"

देशेंगनं टोपली मांडीवरून उचलली आणि ग्वेइशियांगच्या मांडीवर ठेवली.

"वहिनीला विचार."