खड्ड्याच्या तोंडाशी कोहळा

उघड्यावर काम करणाऱ्या माणसाच्या वाईटावर सगळी सृष्टी टपलेली असते. छपराखाली बसणाऱ्याला साप चावत नाही, ऊन लागत नाही आणि तो सहसा खड्ड्यात पडत नाही. म्हणून उघड्यावरच्या सुरक्षिततेचा विचार छपराखाली बसूनच करावा, हे आमच्या खात्याचं धोरण होतं. समितीचा एकही सदस्य न गमावता ते आम्ही राबवलं, याचा मला अभिमान आहे.

साल एकसष्ट. बंगळूरच्या पूर्वेला, के. आर. पुरम स्टेशनच्या पलीकडे, एका नव्या कारखान्यासाठी जमीन तपासायचं काम आमच्याकडे होतं. (कारखाना कशाचा हे गुप्त होतं. बंगळुरातल्या शिवाजीनगरहून येणाऱ्या बसचा कंडक्टर मात्र थांबा म्हणून तेच पुकारायचा.) जमीन तपासायची म्हणजे दोन पुरुष खोल खड्डा खणायचा आणि इंजिनियरनं आत उतरून मातीचे थर बघायचे. हा इंजिनियर म्हणजे पुण्याहून आलेला चंद्रकांत. वैशाखात त्याचं लग्न झालं होतं. बायको, अलका, डबा देताना रोज विचारायची, "आज उतरायचंय का खाली?" तो "छे गं" म्हणायचा आणि येऊन उतरायचा.

खड्ड्याच्या भिंती भुसभुशीत लाल मातीच्या. शेजारून मद्रासची गाडी गेली की ढेकळं कोसळायची. चंद्रकांतला भिंती आवरून धरायला फळ्या हव्या होत्या आणि चढायला शिडी. तोवर तो दोर धरून, भिंतीतल्या खोबणीत पाय रोवून वर यायचा.

सुरक्षा समितीनं या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. अध्यक्ष मुकुंदराव, चिटणीस मी. फळ्या लाकडात मोडत होत्या आणि लाकूड दिल्लीच्या अखत्यारीत होतं. शिडी फर्निचरमध्ये मोडत होती आणि फर्निचर पावसापाण्यात उघड्यावर ठेवायला मनाई होती. अशा अडचणीच्या वेळी खणणाऱ्यांचे मुकादम गुंडूराव पुढे झाले. त्यांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरात मुरलेलं.

"सार, आमच्यात असं करत्यात बघा. कोहळ्यात कुंकू भरायचं, दृष्ट काढायची आणि खड्ड्याच्या तोंडाशी फोडायचा. आयुधपूजेला लॉरीपुढं फोडत्यात की! मग काय होत न्हाई."

"गुंडूराव, मी सायन्सचा माणूस आहे," मुकुंदराव म्हणाले. "पण माझ्या पॉवर्समध्ये बसेल असं हे एकच दिसतंय."

कोहळा 'सण व उत्सव' या सदरात चपखल बसला. मग त्याचं प्रमाण ठरलं: जून, देठासह, अंगावर पांढरी राख असलेला. शिवाजीनगरच्या बाजारातून तीन दरपत्रकं मागवली. (सर्वांत कमी दराचं दुधीचं निघालं. ते तांत्रिक कारणास्तव फेटाळलं.) दर सोमवारी एक कोहळा फुटू लागला. पहिल्या महिन्यात अपघात शून्य. त्याआधीच्या महिन्यातही शून्यच होते, पण ते कोणत्याही उपायाविना मिळालेले असल्यामुळे हिशेबात धरता येत नव्हते.

एवढ्या यशानंतर सुरक्षा सप्ताह भरवणं ओघानंच आलं. उद्घाटनाला समिती प्रथमच छप्पर सोडून जागेवर गेली. मुकुंदरावांनी स्वहस्ते कोहळा आपटला. तो उत्तम फुटला, गर खड्ड्याच्या काठभर पसरला. टाळ्या चालू असतानाच चंद्रकांत फूटपट्टी घेऊन आला, गरावर पाय पडला आणि दोर न धरताच खाली गेला.

"साहेब, घोट्याचं काहीतरी झालंय!" आतून आवाज आला. "दोर टाका!"

गुंडूराव दोराकडे धावले.

"थांबा!" मुकुंदराव म्हणाले. "चौकशी होईपर्यंत अपघातस्थळी कशालाही हात लावायचा नाही. रूल आहे तसा."

नियम पाळायचा म्हटल्यावर चौकशी तातडीनं करणं भाग होतं. छपराअभावी चिंचेखाली बैठक बसली. एका कपाची दोघांत वाटलेली बाय टू कॉफी आली. कोहळ्याचे तुकडे मोजले. मोठे चार, किरकोळ असंख्य. फिर्यादीची जबानी काठावरून ओरडून घेतली.

"पडण्यापूर्वी आपण कोहळा पाहिला होता का?"

"पाहिला हो! साहेब, गाडीची वेळ होत आली, भिंत येईल अंगावर. वर घ्या मला!"

'पाहिला,' अशी मी नोंद केली.

पुढची चर्चा फार उद्बोधक झाली. कोहळा फोडला म्हणून माणूस पडला, असा एक उथळ मुद्दा निघाला. त्यावर मुकुंदरावांनी विचारलं, कोहळा फोडूनही जर एवढं होतं, तर न फोडता काय झालं असतं? हा प्रश्न मी इतिवृत्तात जसाच्या तसा उतरवून घेतला. तेव्हा असं ठरलं की, दोष कोहळ्याचा नसून तो एकटा पडल्याचा आहे. यापुढे दोन फोडावेत. पहिला खड्ड्यासाठी, दुसरा, पहिल्यावरून कुणी घसरू नये म्हणून, पाच हात अलीकडे. ठराव एकमतानं संमत झाला. आभाराचं भाषण मीच केलं आणि आम्ही जीपमध्ये बसलो.

ही हकिकत मी पुढे पुष्कळांना सांगितली. दुधीच्या दरपत्रकावर लोक गालात हसतात, दुसऱ्या कोहळ्यावर पोट धरून. आमची जीप निघाली तेव्हा चंद्रकांत कुठे होता, हे आजवर एकटीनंच विचारलं. ती अलका, आणि तिनं ते दवाखान्यात, माझ्याकडे न बघता विचारलं. खड्ड्यातच होता. जीप वळल्यावर गुंडूरावांनी नियम मोडून दोर टाकला, खणणाऱ्यांपैकी दोघांनी त्याला ओढून काढलं, आणि मग गाडी आली नि भिंत गेली.

वाचकहो, दुसरा कोहळा वाचताना आपणही हसलात ना? समितीवर एक जागा रिकामी आहे. आपलं नाव मी सुचवलं आहे.