दावा न करणारे नाना

आमच्या पारोळ्यातले शेजारी नाना डॉक्टरकडे जाताना सोबत स्टँपपेपर नेतात. त्यावर टाइप केलेलं असतं: 'उपचारात चूक झाली तरी मी ग्राहक न्यायालयात दावा करणार नाही. सबब, निव्वळ भीतीपोटी तपासण्या लिहू नयेत.' खाली त्यांच्या सहीची आणि दोन साक्षीदारांची जागा. दुसरा साक्षीदार मी.

नानांचं खरं दुखणं एकच, आरोग्यविम्याचा हप्ता. त्यांचा आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा, मिळून एकच विमा. हप्ता आणखी एकदा चढला तर विमाच सोडावा लागेल. त्यांची पेन्शन मला ठाऊक आहे. नानांचं निदान पक्कं: "भाऊ, डाक्टर घाबरना का हप्ता वाढना." कोर्टाच्या धाकाने डॉक्टर जादा तपासण्या लिहितात, कंपनी त्याचे पैसे भरते आणि ते आपल्याकडूनच काढते. म्हणून कायदा बदला, हयगयीला शिक्षा आणि प्रामाणिक चुकीला माफी, अशी पत्रं ते दिल्लीला धाडतात. या हिशेबात कंपनीचा नफा धरलेला नाही, असं मी एकदा सुचवलं. आठ दिवस अबोला. साक्षीदार लागला तेव्हा आले.

मागे पोट दुखलं म्हणून ते एरंडोलच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तीन तपासण्या लिहिल्या. मग स्टँपपेपर वाचला, आधी कुणावर केस केली होती का असं जपून विचारलं, आणि तिनाच्या नऊ केल्या. मी मोजल्या आहेत. निघालं अपचन. नाना म्हणाले, मजकुरातला 'सबब' नडला.

यंदा अक्कांच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन धुळ्याला ठरलं. नानांनी 'सबब' गाळून नवा कागद केला. वाटेत अक्का एवढंच म्हणाल्या, "तो कागद खिसामाच राहू द्या. माले लाज वाटस."

तिथले सर्जन मात्र कागद वाचून खूश झाले. "सगळे नातेवाईक असे हवेत," ते म्हणाले. "चार तपासण्या पुरेत. करा सही."

नानांचा कायदा पहिल्यांदाच लागू होत होता. मी पेन पुढे केलं.

काचेच्या दारापलीकडे नर्सने सांगितलं म्हणून अक्का हातातल्या बांगड्या उतरवत होत्या. एक काही केल्या निघत नव्हती. नाना बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदाची घडी घातली.

"साहेब," ते म्हणाले, "हिच्या वेळी थोडं भ्या."

सर्जनांनी आणखी दोन तपासण्या लिहिल्या. नाना बांगडीसाठी साबण शोधायला गेले.