दहावी सुई

लिओंग सिन्से, म्हणजे लिओंग नावाचे चिनी वैद्य, आयुष्यभर लोकांना सुया टोचत आले होते, पण टोचलेली सुई काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ते खातं बायकोकडे होतं. सिन्से पेशंटच्या गुडघ्यात, पाठीत, पोटरीत भराभर सुया लावून पुढच्या खाटेकडे वळायचे. थोड्या वेळाने स्यू क्वान स्वयंपाकघरातून हात पुसत यायची, नातवंडांची चौकशी करत करत सगळ्या सुया काढायची आणि पेशंटला चपला घालायला पाठवायची. मलेशियातल्या इपोह शहराच्या त्या गल्लीत कुणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं.

मग सरकारने कायदा केला. सुया टोचणाऱ्या प्रत्येकाने सरकारी मंडळाकडे नाव नोंदवायचं. कॉलेजचा दाखला असेल तर तो दाखवायचा, नसेल तर परीक्षकासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. दोन्ही जमलं नाही तर दवाखान्याला कुलूप. सिन्से ही विद्या वडिलांकडून शिकले होते, आणि त्यांचे वडील दाखला देत नसत, टपली देत. म्हणजे परीक्षा आली.

परीक्षेला सिन्से घाबरले नसते. त्यांच्या हाताला गुण होता हे गल्लीतली मांजरंसुद्धा सांगतील. पण नियमात असंही होतं की नोंदणी नसलेल्या माणसाने सुई लावायची नाही आणि काढायचीही नाही. आणि घोडं नेमकं इथेच पेंड खात होतं.

"म्हणजे मी हात लावायचा नाही?" स्यू क्वानने विचारलं.

"नाही. जेवढ्या लावल्या तेवढ्या मीच काढायच्या, परीक्षकासमोर मोठ्याने मोजायच्या, मगच वापरलेल्या सुयांच्या पिवळ्या डब्यात टाकायच्या."

"आणि तुला आठवणार आहे कुठे कुठे लावल्या ते?"

"न आठवायला काय झालं? मीच तर लावणार आहे."

"म्हाताऱ्या, चष्मा कपाळावर ठेवून तू घरभर चष्मा शोधतोस."

सिन्सेंनी कपाळ चाचपून पाहिलं. तिने बाजारातून एक मोठं पपनस आणलं आणि आठवडाभर त्यांना त्यात सुया लावायला आणि काढायला बसवलं. पपनसावर सिन्से पक्के तयार झाले. फक्त पपनस मध्येच उठून चालू लागत नाही, हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

परीक्षक म्हणून सरकारी कचेऱ्यांच्या पुत्रजाया शहराहून आलेले यीप साहेब बारीक अंगाचे आणि अतिशय नम्र होते. ते प्रत्येक गोष्टीला "छान" म्हणत, त्यामुळे नक्की काय छान आहे याचा पत्ता लागत नसे. त्यांनी खाटेवरची चादर पाहिली, छान म्हणाले. हात धुवायचं बेसिन पाहिलं, छान म्हणाले. स्यू क्वानकडे पाहून "आपण कृपया आत थांबा" असं म्हणाले, आणि ती पडद्यामागे गेल्यावरही छान म्हणाले. सिन्सेंनी धुतलेले हात पुन्हा एकदा धुतले.

परीक्षेसाठी पेशंट म्हणून कोकताईंना बोलावलं होतं. कोकताईंचा गल्लीच्या तोंडाशी कोंबडी आणि मोड आलेल्या कडधान्याचा ठेला होता. दिवसभर उभं राहून त्यांचा गुडघा गेला होता, आणि सुयांची भीती म्हणाल तर सुयांनीच त्यांना घाबरावं अशी बाई.

"सिन्से, आज डोकंही धरलंय हो," खाटेवर आडवं होत त्या म्हणाल्या. "तेही बघा जरा."

सिन्सेंनी गुडघ्याभोवती, नडगीवर, हातावर सुया लावल्या. हात एकदा चालू लागला की त्यांची भीती पळायची. शेवटची सुई त्यांनी कोकताईंच्या टाळूवर, अंबाड्याच्या जरा पुढे लावली. ती बोटांनी आपोआप लावली, डोक्याला विचारलंच नाही.

"किती झाल्या?" यीप साहेबांनी विचारलं.

"दहा," सिन्से म्हणाले.

"छान."

वेळ झाल्यावर सिन्सेंनी सुया काढायला घेतल्या. गुडघ्याच्या काढल्या, नडगीच्या काढल्या, हाताच्या काढल्या, आणि स्टीलची ताटली टेबलावर ठेवायला वळले. यीप साहेब त्या वेळी वाकून पिवळ्या डब्याचं झाकण नीट लागतं का ते बघत होते. कोकताईंच्या हिशेबाने आता चपला घालायची वेळ झाली होती, कारण इतकी वर्षं सुया निघाल्या की त्या निघायच्या. ठेल्यावर गिऱ्हाईक खोळंबलं असणार म्हणून त्या गुडघा वाकवत, खूश होत, चालत्याही झाल्या.

"आता मोजा," यीप साहेब सरळ होत म्हणाले.

सिन्से मोजू लागले. सातपर्यंत आवाज खणखणीत होता, आठला जरा बसला, आणि नऊ म्हटल्यावर बंदच पडला. ताटलीत पुढे काही नव्हतं.

पडद्यामागे स्यू क्वानने ते नऊ ऐकलं आणि नंतरची शांतताही ऐकली. पुढच्या क्षणी ती कॉफीचा कप घेऊन बाहेर आली. "साहेब, सकाळपासून उभे आहात," असं म्हणत तिने कप टेबलावर ठेवला, आणि ठेवता ठेवता तिच्या बोटांतून एक सुई अलगद ताटलीत पडली. चाळीस वर्षं सुया हाताळलेली बोटं ती. आवाज म्हणून झाला नाही.

"दहा," सिन्से म्हणाले. ते म्हणाले कसले, त्यांच्या तोंडून ते निसटलं.

यीप साहेबांनी ताटलीत पाहिलं, छान म्हणाले, आणि सही केली. मग त्यांनी सिन्सेंचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, कॉफी संपवली आणि विचारलं, "इथे जवळपास चांगलं जेवण कुठे मिळेल?"

"कोकताईंच्या ठेल्यावर," स्यू क्वान चटकन म्हणाली. गल्लीत हा प्रश्न कुणीही विचारला तरी तोंडातून हेच उत्तर यायचं. "कोंबडी अशी की खात राहाल. सरळ जा, कोपऱ्यावर."

साहेब गेले आणि स्यू क्वान लगेच गुडघ्यांवर बसून खाटेखाली बघायला लागली. "पडली असेल इथेच कुठेतरी. कुठे कुठे लावल्या होत्यास, आठव."

"गुडघा. नडगी. हात." सिन्से बोटं हवेत फिरवून आठवत होते. बोटं खाटेच्या उशापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "तिचं डोकं दुखत होतं, क्वान."

"मग?"

"मग काय. टाळूवर."

स्यू क्वान खाटेखालून बाहेर आली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोकताई टाळूवर सुई घेऊन ठेल्यावर कोंबडी कापत होत्या, आणि ती कोंबडी खायला परीक्षक साहेबांना यांनीच पाठवलं होतं.

"मी मागल्या गल्लीने जाते," स्यू क्वान चपला शोधत म्हणाली. "कोकताईच्या मागे उभी राहते आणि काढून घेते. कुणाला कळणार नाही."

"तू काढायची नाहीस. तोच तर नियम आहे."

"मग तू पळ."

सिन्से पळाले. वयाची साठी उलटल्यावर माणूस पळतो तसे, म्हणजे निम्मं चालत. मागून स्यू क्वान. मागल्या गल्लीतून ते ठेल्यापाशी पोचले, तोवर यीप साहेब कापायच्या ओंडक्यासमोरच्याच टेबलावर चॉपस्टिक्स पुसत बसले होते. त्यांच्यापुढे बशी यायची होती. समोर कोकताई मान खाली घालून खटाखट कोंबडी कापत होत्या, आणि मान खाली गेली की टाळूवरची सुई उन्हात अशी चमकायची की सिन्सेंना दुसरं काही दिसतच नव्हतं. साहेब मात्र अजून चटणीच्या वाट्या न्याहाळत होते.

सिन्से गुपचूप कोकताईंच्या मागे सरकले आणि हात वर केला.

"हात धुतलेस का?" मागे न बघता कोकताईंनी विचारलं. "अन्नाचा ठेला आहे हा. आणि रांग तिकडून आहे."

"कोकताई, एक मिनिट जरा..."

"सिन्से असशील तुझ्या दवाखान्यात. इथे रांगेत यायचं."

रांगेतल्या लोकांनीही त्याला दुजोरा दिला. सिन्से निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. यीप साहेबांनी त्यांना पाहून प्रेमाने हात हलवला. सिन्सेंनीही हलवला. पुढचा एक म्हातारा कोकताईंकडे टक लावून बघत म्हणाला, "डोक्यात काय खोचलंयस ते? नवी फॅशन का?"

"सुनेचं काहीतरी असेल अडकलेलं," कोकताई म्हणाल्या. "तिच्या वस्तू घरभर पडलेल्या असतात."

स्यू क्वान ठेल्याच्या खांबाआडून खुणा करत होती. गप्प राहा, साहेब जेवून जाऊ देत, मग काढू. योजना वाईट नव्हती. साहेबांची बशी आली की त्यांचं लक्ष तीत जाणार होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते पुत्रजायाला पोचले असते. सही झालेली होती. दवाखाना वाचलेला होता. तोंड बंद ठेवणं एवढंच काम उरलं होतं, आणि सिन्सेंना ते जमत आलं होतं.

तेवढ्यात कोकताई दुसरी कोंबडी घ्यायला वळल्या. वर आकड्यांना उकडलेल्या कोंबड्या टांगल्या होत्या, आणि त्यांच्या खालून जायला त्यांना रोज मान थोडी वाकवावी लागायची. वाकवलेली मान बरोबर टाळू पुढे करून लोखंडी आकड्याकडे निघाली.

"कोकताई, हलू नका," सिन्से म्हणाले. त्यांचा आवाज इतका करडा होता की कोकताई खरंच थांबल्या. "माझी सुई राहिलीय तुमच्या डोक्यात. माझी चूक आहे. जिथे आहात तिथेच उभ्या राहा."

चॉपस्टिक्स खाली ठेवल्याचा आवाज आला, तो यीप साहेबांच्या टेबलावरून. सिन्सेंनी तिकडे पाहिलंच नाही. रांग मोडून ते पुढे गेले, ठेल्याच्या नळावर साबणाने हात धुतले, खिशातून कापूस काढला, आणि कोकताईंची मान एका हाताने धरून सुई सरळ वर ओढून घेतली. कापसाने टाळू दाबून धरली. रक्त आलं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग ते वळले आणि सुई तळहातावर घेऊन यीप साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"दहावी ही," ते म्हणाले.

"मग ताटलीतली दहावी कुठली?" साहेबांनी विचारलं.

सिन्सेंनी तोंड उघडलं, पण खांबाआडून स्यू क्वान पुढे आली. "ती माझी. कॉफी ठेवताना मी टाकली."

"आपली मंडळाकडे नोंदणी आहे?"

"नाही."

"मग मंडळ आपल्यावर काहीच कारवाई करू शकत नाही," साहेब खेदाने म्हणाले. "नोंदणी असती तर फार कडक केली असती." ते सिन्सेंकडे वळले. "तुम्ही मात्र ती पाहिलीत आणि दहा म्हणालात."

"म्हणालो," सिन्से म्हणाले. "भीती वाटली."

"आधीचा निकाल मला रद्द करावा लागेल."

सिन्सेंनी मान हलवली. स्यू क्वानने खांब धरला. साहेबांनी बॅगेतून कागद काढला, त्यावर आडवी रेघ मारली, आणि दुसरा कोरा कागद काढून टेबलावरचं पाणी रुमालाने नीट पुसून मगच तो ठेवला.

"अभ्यासक्रमात एक भाग आहे," लिहिता लिहिता ते म्हणाले. "सुई शरीरात राहून गेल्यास काय करावं. पेशंटला ताबडतोब शोधावं, न लपवता सांगावं, हात धुऊन स्वतः काढावी, जखम दाबावी. इतक्या वर्षांत हा भाग मी कुणाचाच तपासू शकलो नाही, कारण माझ्यासमोर कुणी सुई विसरतच नाही. आज पहिल्यांदा तपासला. क्रमही बरोबर होता." त्यांनी सही केली. "पास. पण पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन आणि मीच मोजेन. तोपर्यंत लावलेली प्रत्येक सुई मोठ्याने मोजायची. लावतानाही."

"मोजीन," सिन्से म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"छान," साहेब म्हणाले. या वेळी ते नक्की कशाला म्हणाले हे सगळ्यांना कळलं.

कोकताई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "म्हणजे ते सुईमुळे होतं होय? मघापासून डोकं कसं हलकं झालं होतं. मला वाटलं सून माहेरी गेली म्हणून." एवढं बोलून त्यांनी साहेबांपुढे बशी आदळली आणि रांगेकडे वळल्या.

साहेब जेवून गेल्यावर सिन्से आणि स्यू क्वान त्याच टेबलावर बसले. सिन्से चॉपस्टिक्सशी चाळा करत होते.

"तू ती सुई टाकायला नको होतीस," शेवटी ते म्हणाले. "माझ्या हातावर इतका अविश्वास?"

"हातावर नाही रे."

"मग?"

स्यू क्वानने खुर्ची जवळ ओढली. "साथीच्या वेळी दवाखाना बंद होता, आठवतंय? तू स्टूल घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायचास. तांदूळ कसे धुवायचे ते मला शिकवलंस. सॉसच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्यास. मी फोनवर बहिणीशी बोलले की पलीकडून तिला उत्तरं द्यायचास." तिने आवाज खाली आणला. "मला वाटलं, आता हे कायमचं होणार. महिनाभर झोप नव्हती मला."

"आणि मला वाटत होतं तू माझी काळजी करतेयस."

"तुझीही केली. मध्ये मध्ये."

सिन्से हसले. आधी नाकातल्या नाकात, मग इतके की कोकताईंनी सुरी थांबवून पाहिलं. स्यू क्वानने कोंबडीचा चांगलासा तुकडा उचलून त्यांच्या वाटीत ठेवला.

"खा लवकर," ती म्हणाली. "दुपारचे पेशंट येतील." हे म्हणताना तिला इतकं बरं वाटलं की तिने ते आणखी एकदा म्हटलं.