अत्तराची जागा

सोलापूरच्या उन्हाळ्यात दाराची कडी धरायची तर आम्ही मध्ये उपरण्याचा पदर घेतो. अशा गावात वामनतात्या बारा महिने हातमोजे विणत.

गिरणीच्या सूतगोदामात ते कारकून होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. राहायलाही आम्ही समोरासमोर. डबा खाऊन झाला की तात्या धोतराच्या सोग्याला हात पुसत, कोटाच्या आतल्या खिशातून चार सुया काढत आणि कपाळावरचा चष्मा नाकावर आणत. सुया म्हणजे सायकलच्या चाकातल्या तारा, दगडावर घासून टोकदार केलेल्या. मोजे पांढऱ्या सुताचे, जाळीच्या विणीचे. त्यांना बोटे नसत. मनगटापासून निघून ते बोटांच्या मुळाशी संपत. पंचेचाळिशीचा माणूस, झुबकेदार मिशा, डोक्याला रुमाल आणि तोंडात पुटपुट, "दोन सुलट, दोरा पुढं, दोन एकत्र." साहेबांनी हाक मारली तरी ओळ पुरी झाल्याशिवाय उठत नसत.

"थंडी लई पडलीय व्हय तात्या?" गोदामातला वळसंगचा शिवाप्पा रोज विचारी.

"पडायची आहे."

"पर बोटं इसरलासा की."

"विसरलो नाही. सोडलीत."

"आन् ही भोकं?"

"भोक उंदीरही पाडतो शिवाप्पा. ते पसरू न देणं ही विद्या."

हे तात्यांचे ठरलेले वाक्य. साहेबांनी रजा कापली तरी हेच, नव्या धोतराला खिळा लागला तरी हेच.

ही विद्या त्यांनी मिशनच्या शाळेतल्या बाईंकडून घेतली होती. सात-आठ वर्षांच्या मुलींच्या रांगेत मांडी घालून तीन महिने बसले. बाई म्हणाल्या, आधी पायमोजा शिका. तात्या म्हणाले, पायांना काही झालेलं नाही. हा किस्सा गोदामात सगळ्यांना पाठ होता. त्यावर सगळ्यात मोठ्याने मी हसत असे.

मोजे कुणासाठी, हा आमचा रोजचा विषय. तात्यांना मूलबाळ नव्हते. त्यांची बायको, आमच्या काकू, चार वर्षांत घराबाहेर दिसल्या नव्हत्या. सांधे धरतात, असे तात्या सांगत. विकतात म्हणावे तर बाजारात एकही मोजा कुणी पाहिला नव्हता. "मी लावतो छडा," असे मी एकदा चारचौघांत पैजेवर म्हणालो. वयाची सबब सांगावीशी वाटते. पण तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो, दोन मुलांचा बाप.

त्या चैत्रात आमच्या घरी हळदीकुंकू होते आणि काकू आल्या. हिरवे लुगडे, नाकात नथ आणि दोन्ही हातांत ते मोजे. मोकळ्या बोटांनी त्यांनी बायकांना कुंकू लावले, पन्ह्याचे भांडे उचलले. कुणाच्या तरी बोलण्यावर खळखळून हसल्या. समोर आपल्या ओसरीवर तात्या वर्तमानपत्र उघडून बसले होते. बराच वेळ त्यांनी पान उलटले नव्हते.

मी दाराशी उभा होतो. माझी बायको अत्तरदाणी घेऊन फिरत होती. जी ती मनगट पुढे करी, ती अत्तराची काडी टेकवी. काकूंपाशी आल्यावर ती थांबली.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या. "वासानं माझं डोकं उठतं."

"असं कसं काकू?" मी दारातून म्हणालो. "काढा की तो मोजा. तात्यांची कारागिरी आम्हालाही बघू दे."

बायका हसल्या. "काढा की," दोघी-तिघी म्हणाल्या. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग मोजा काढला.

बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत पांढरे डाग होते. कोड.

माझ्या बायकोच्या हातातली काडी तशीच वर राहिली. शेजारच्या बाईने लुगडे आवरून घेतले. जिने नुकतेच काकूंच्या हातून कुंकू लावून घेतले होते, तिचा हात कपाळाकडे गेला आणि थांबला. कुंकू पुसता येत नाही. काकूंनी मोजा चढवला, ओटीतले भिजवलेले हरभरे सांभाळत उठल्या.

"येते हं. पन्हं छान झालं होतं."

छडा लागला होता. मी गोदामात कुणाला सांगितले नाही, सांगावे लागलेही नाही. दुसऱ्या दिवशी शिवाप्पाने थंडीचे विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसून एक मोजा उसवत होते. "तात्या, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं काय? चूक माझी." त्यांनी सूत बोटाला गुंडाळले. "घट्ट विणलं तर लोक विचारतात, काय झाकलंय. जाळी असली की पांढरं सूत, पांढरी कातडी, सावळी कातडी, सगळं एकात एक मिसळतं. कुणी दोनदा बघत नाही. कणीक मळायची, कुंकू लावायचं, म्हणून बोटं सोडली. बोटांवर डाग नाहीत. चार वर्षं डोकं चालवलं बघा, तेव्हा ती उंबरा ओलांडायला तयार झाली. आणि अत्तर राहिलं. लग्नात माझ्याही हाताला लावतात की. तरी लक्षात आलं नाही."

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर आज हे लिहावे लागले नसते.

"मनगटाच्या आतल्या अंगाला रुपयाएवढी जागा अजून कोरी आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथं एक मोठं भोक ठेवतो. मग मोजा काढायला नको."

ते भोक त्यांना वर्षभर जमत नव्हते. एवढे मोठे भोक पाडले की कडेचे टाके ढिले पडत आणि जाळी तोंड वासे. तात्या उसवत, पुन्हा टाके घालत. त्यांचे ते ठरलेले वाक्य मी वर्षभर ऐकले नाही.

पुढच्या चैत्रात माझी बायको काकूंना बोलवायला गेली. "येईन," काकू दाराआडून म्हणाल्या. दिवस कलला, बायका जमल्या, बहुतेक गेल्या वर्षीच्याच. काकू आल्या नाहीत.

तात्या आले. धुतलेला कोट, डोक्याला नवा रुमाल, आणि उजव्या हातात काकूंचा मोजा. काकूंचा हात लहान. मोजा त्यांच्या मनगटापर्यंत कसाबसा चढला होता, जाळी ताणून उसवेल की काय अशी झाली होती. हळदीकुंकवाच्या खोलीत पुरुष जात नाहीत. ते उंबऱ्याशी थांबले.

"वहिनी," ते माझ्या बायकोला म्हणाले, "ती नको म्हणते. तेवढं अत्तर यात लावून द्या."

त्यांनी मनगट उलटे केले. जाळीच्या मधोमध रुपयाएवढी गोल खिडकी होती, कड घट्ट, एक टाकाही न ढळलेली. आत तात्यांचे काळे, केसाळ मनगट. कुणी हसले नाही. माझ्या बायकोने काडी टेकवली.

तात्या रस्ता ओलांडून गेले, धोतराला लागून अत्तर पुसले जाऊ नये म्हणून हात छातीपाशी उचलून धरून. समोरचे दार आतून उघडले. काकू उंबऱ्यावर आल्या. त्यांनी तात्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि नाकाशी नेला. काकूंचे हात उघडे होते.

एक वर्ष उशिरा, मी नजर खाली घातली.