गुंड्याचे कान कोणी भरले?

ज्या घरात सगळीच माणसं बोलती असतात, त्या घरात ऐकणाऱ्याचं पद रिकामं राहतं. ते वेळेत भरलं नाही तर घराचं कामकाज कोलमडतं, आणि माणसं तर या पदासाठी अर्जच करत नाहीत. अशा वेळी सुज्ञ कुटुंबं स्पॅनियल जातीचं कुत्रं आणतात.

या जातीची पात्रता वादातीत आहे. मूळ नेमणूक झुडपात दडलेले पक्षी उठवण्यासाठी. फ्लॅटमध्ये झुडपं नसल्यामुळे आता ती दुपारी झोपलेली माणसं उठवते. तिला एकटं राहवत नाही. तुम्ही बाथरूममध्ये गेलात तर ती दाराबाहेर बसते आणि तुम्ही परत येण्याची आशा सोडत नाही. (घरातल्या इतर सदस्यांबद्दल असं छातीठोकपणे सांगता येत नाही.) तिचे लांब, रेशमी कान पाणी पिताना भांड्यात बुडतात आणि तुमच्या मांडीवर वाळतात. डोळे तपकिरी, ओलसर. या डोळ्यांकडे पाहिल्यावर शंभरातली साठ माणसं बिस्कीट देतात, उरलेली चाळीस आपली बाजू मांडू लागतात.

भाऊ त्या चाळिसांतले. एका मोठ्या कचेरीच्या आस्थापना शाखेचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले होते. कचेरीत त्यांनी घंटी दाबली की माणूस आत येई. घरात त्यांनी हाक मारली की बायको पाठमोरी ‘हं’ म्हणे, मुलगा एका कानातला इयरफोन काढून ‘काही म्हणालात?’ असं विचारी आणि उत्तर यायच्या आत परत घाली. सून मात्र ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, “हो भाऊ, हे सांगितलंत तुम्ही.” ‘कितीतरी वेळा’ हे शब्द ती गाळत असे, कारण मुलगी चांगल्या घरातली होती.

गुंड्याला आणलं सुनेनेच. “मी जिवंत असेपर्यंत या घरात कुत्रं येणार नाही,” असं भाऊंनी ठणकावून सांगितलं. (गुंड्या आला. भाऊ जिवंत राहिले.) आणि आठवडा उलटायच्या आत तो भाऊंच्या चपलेवर हनुवटी टेकवून, भाऊंनी एका बेरकी कारकुनाची रजा कशी बाणेदारपणे नाकारली, ती हकिगत ऐकत होता. शेवटपर्यंत ऐकली. मध्ये एकदा जांभई दिली, तीही तोंड दुसरीकडे करून. भाऊंना भरूनच आलं. इतकी शिस्त त्यांनी कचेरीतसुद्धा पाहिली नव्हती.

आणि मग गुंड्या बिथरला. भाऊंनी हाक मारली तर ढिम्म. जवळ घेऊन विषय काढला की मान जोरजोरात हलवायचा, म्हणजे चक्क नकार. कान कुरवाळायला गेलं की मागे सरकायचा. भाऊंचं जेवणावरचं लक्ष उडालं. जगात आपलं ऐकणारा एकच जीव, आणि तोही फिरला, या विचाराने त्यांना काही गोड लागेना.

शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“मान हलवतो? हाकेला येत नाही?” डॉक्टर घाईत होत्या. “मग नक्कीच कान भरलेत त्याचे. घरात लक्ष कुठे असतं हो काका तुमचं? संध्याकाळी घेऊन या.”

भाऊंनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत ताठ बसले. कान भरण्याचं प्रकरण त्यांना नवीन नव्हतं. वरिष्ठांचे कान भरणारे महाभाग त्यांनी उभी हयात पाहिले होते. पण कचेरीतले लोक निदान माणसांचे भरत होते.

त्यांनी ताबडतोब हॉलमध्ये चौकशी बसवली. चौकशी अधिकारी, फिर्यादी आणि पीडित या तिन्ही जबाबदाऱ्या मनुष्यबळाअभावी त्यांनी स्वतःकडेच घेतल्या. गुंड्या मध्यभागी सतरंजीवर मान झटकत बसला.

“डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय,” भाऊ म्हणाले. “याचे कान भरलेत. कोणी भरले?”

अशा प्रश्नाला निरपराध माणूस ‘म्हणजे काय?’ असं विचारतो. इथे तिघांनीही एकदम खाली पाहिलं.

“मी काही मुद्दाम नाही हो बोलले,” बायको म्हणाली. “तुम्ही स्वयंपाकघरात येऊन डब्यांची तपासणी करता, डाळ संपायच्या आत लेखी का कळवलं नाही म्हणता. मी जाऊन सांगू कोणाला? हा ओट्याशी बसलेला असतो.”

“मी फक्त ब्रश करताना बोलते,” सून म्हणाली. “याच्या केसांच्या गाठी सोडवायला वेळ लागतो, भाऊ. गप्प बसून कसं होणार? पण तुमच्याबद्दल थोडंच. जास्त ह्यांच्याबद्दल.”

मुलाने दोन्ही कानांतले इयरफोन काढले. हे घरात प्रथमच घडत होतं. “मला नोकरी सोडायचीय, भाऊ. केव्हापासून तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्ही पहिल्या वाक्यालाच स्वतःचं उदाहरण देता. म्हणून याला सांगितलं. तो काही उदाहरण देत नाही.”

भाऊंनी उदाहरण द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“आणि तुम्ही हो?” बायको म्हणाली. “तुम्ही तासन्‌तास काय सांगत असता त्याला?”

भाऊंनी चष्मा काढून पुसायला घेतला. “हेच,” ते म्हणाले, “की या घरात माझं कोणी ऐकत नाही.”

संध्याकाळी चौघंही दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी गुंड्याचा कान उलटा केला, आत बॅटरी मारली आणि बोळ्याने जे काढलं ते पाहून भाऊंचा अंतर्गत कटाचा सिद्धान्त निकालात निघाला.

“मळाने भरलेत,” डॉक्टर म्हणाल्या. “लोंबते कान, आत हवा जात नाही, ओल राहते. बिचाऱ्याला ऐकूच येत नसेल धड. आंघोळीनंतर कान कोरडे करायचे, हे घरात कोणी सांगितलं नाही?”

“मी सांगितलं होतं!” चौघं एका आवाजात म्हणाले.

आणि ते खरं होतं. प्रत्येकाने सांगितलं होतं. फक्त प्रत्येकाने ते सांगितलं तेव्हा बाकीचे तिघं बोलत होते.

डॉक्टरांनी थेंब दिले, पाण्यासाठी अरुंद तोंडाचं भांडं सुचवलं आणि कान बरे होईतो त्याच्याशी फार बोलू नका म्हणून बजावलं. पद पुन्हा रिकामं झालं. नाइलाजाने अतिरिक्त कार्यभार माणसांकडे आला. पहिल्या रात्री मुलगा नोकरीबद्दल बोलला आणि भाऊंनी स्वतःचं एकही उदाहरण न देता ऐकलं. कपाळावर घाम आला, पण ऐकलं. शेवटी “बरं, मग पुढे काय ठरवलंयस?” एवढंच म्हणाले. मुलगा रडायचाच राहिला. बायकोने डब्यांबद्दलचं सगळं तोंडावर सांगितलं. भाऊंना वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

थेंबांनी चांगला गुण आला. गुंड्या खडखडीत बरा झाला, हाकेला धावू लागला. घरात आनंदीआनंद झाला आणि सगळ्यांनी कार्यभार त्याच दिवशी त्याच्याकडे परत सोपवला.

असो. एका कुत्र्याच्या कानांची एवढी लांबण तुम्ही मध्ये न बोलता, स्वतःचं उदाहरण न देता, शेवटपर्यंत ऐकून घेतलीत. तुमच्या सहनशक्तीचं कौतुक आहे. मघापासून आतल्या खोलीतून तुम्हालाच कोणीतरी हाक मारतंय. पण तुमच्याकडे कुत्रा असेल तर उठायची घाई नको. तो गेलाय ऐकायला.