तात्या मागं वळून बघतात

तात्या गोफणे नसते, तर मी या शहरात आठ दिवसही टिकलो नसतो. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

शहरातल्या छावणी भागात एका खोलीत आम्ही तिघं राहतो. साठीला टेकलेले तात्या मूळचे फुलंब्रीकडचे. पूर्वी मेंढरं राखायचे, आता एका नव्या इमारतीवर रातपाळीचे वॉचमन. दुसरा इरफान, मोबाईल दुरुस्त करणारा. तिसरा मी, नववीतून शाळा सोडून सोयगावकडून आलेला.

इरफानकडं टीव्हीला जोडायचा गेम आहे. त्यात अख्खा मुलूख: डोंगर, नद्या, गावं, राक्षस. नकाशा उघडायचा, गावाच्या नावावर बटण दाबायचं, की आपला तलवारवाला गडी क्षणात तिथं हजर.

तात्या ते बटण दाबतच नाहीत. सुट्टीच्या दुपारी मांडी घालून बसतात आणि गड्याला पायी नेतात. तेही बांधावरून. "लोकाचं पीक हाय." नदी लागली की थांबतात. "पाणी बगून ठिवावं." राक्षस दिसला की लांबून वळसा. "आपुन त्याच्या रानात आलो, तो कुठं आपल्या रानात आला?" गड्यामागं एक कुत्रं असतं. दर दहा पावलांला गडी मागं फिरवून तात्या कुत्रं येतंय ना ते बघतात, मगच पुढं.

इरफान डोकं धरतो. "क्या तात्या, एक बटन का काम है! उधर राजा मरने कू पड़ा, तुम इधर तालाब देख रै!"

"मरू दे. वाटंत काय लागतंय ठाव नसलं, तर माघारी कसा येशील रं?"

मी हसायचो, पण ते बोलणं मलाच लागू होतं. मलाही माघारी येता येत नव्हतं. एका कंपनीत कामाला लागून चारच दिवस झाले होते. सकाळी कामावर जाताना शेअर रिक्षातून चुकीच्या ठिकाणी उतरलो. चहूकडं अर्धवट इमारती, सगळ्या सारख्या. विचारायला जीभ उचलेना. कंपनीत पोचलो तेव्हा दोन तास उशीर. सुपरवायझर म्हणाले, "परत असं झालं तर येऊच नको." खोलीवर येऊन पिशवी भरली. पण जायचं कुठं? गावाकडं विहिरीत नुसता गाळ उरलेला.

तात्यांनी पिशवी बघितली. "सोयगावकर, निघाले व्हय?"

"मला रस्ता कळत नाय, तात्या."

"रिक्षात मुंडी घालून बसल्यावर कसा कळंल? सकाळी पायी चल."

रात्रभर जागलेले तात्या सकाळी ड्युटी सुटल्यावर झोपले नाहीत. तासभर माझ्यापुढं चालले. दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो तर दटावलं. "पाट्या बदलतेत, उतार बदलत नाय. उजव्या अंगाला उतार लागला की नाला. नाल्यापल्याड तुजी कंपनी." असं पाच दिवस. आणि दर दहा पावलांला मागं वळून बघायचे. लोकांदेखत मला लाज वाटायची.

"तात्या, मी हाय की!"

"दिसतंय. तरी बगतो."

मग एका रविवारी तात्या चहा गाळायला उठले आणि इरफाननं ते बटण दाबलं. गडी थेट शहरात. तात्या परत आले. हातातला कप खाली ठेवला आणि पडद्यावर शोधायला लागले.

"कुत्रं कुठं हाय?"

"आयेगा तात्या, गेम है."

कुत्रं क्षणभरानं भिंतीआडून आलंही. पण तात्यांनी रिमोट हातात घेतला नाही.

मग हळूहळू बोलले. दुष्काळाच्या साली चारा संपला. त्यांनी मेंढरं ट्रकात घातली, लांब पाण्याच्या मुलखात नेली. गडबडीत त्यांचा कुत्रा काळ्या खाली राहिला. गावच्या फाट्यापर्यंत ट्रकामागं पळताना दिसला. थांबवायला ड्रायव्हर ऐकेना. "पायानं गेलो असतो तर वास धरून आला असता. ट्रकाच्या वाटंला वास कसला? लोक म्हणले, लई दिवस फाट्यावर बसून हुता."

इरफाननं गुपचूप गेम बंद केला.

आता मी एकटा कंपनीत जातो. भीती अजून वाटते, पण उतार सापडतो. तात्या मात्र गावाला जाताना तो फाटा टाळून दुसऱ्या वाटेनं फेर घालून जातात. एक दिवस मी त्यांना त्या फाट्यावर पायी नेईन. पुढं मी चालेन, आणि दर दहा पावलांला मागं वळून बघेन.